सात्सुएच्या वाटणीचा भात

जिवंत असणं म्हणजे जळणं. ऊन भाताच्या लोंबीत उतरतं, तिथे त्याची साखर होते, साखर साखरेला बिलगून पीठ होतं आणि दाण्यात दडून बसतं. माणूस तो दाणा खातो आणि तेच ऊन आपल्या रक्तात, स्नायूत, मेंदूत मंद आचेवर जाळत राहतो. ज्वाळा नाही, धूर नाही, राख नाही. तेव्हा मुलांनो, या वर्गात बसलेला प्रत्येक जण, शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारासुद्धा, एक चालताबोलता सूर्य आहे! तोकुनागा मास्तरांचं हे लाडकं वाक्य होतं. ओसाकाच्या दक्षिण अंगाला एका प्राथमिक शाळेत त्यांनी सहावीच्या पोरांना ते उभी हयात ऐकवलं होतं, आणि निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही म्हणून आताशा ते स्वतःलाच ऐकवायचे. आजही बाजारातून चालता चालता ते 'चालताबोलता सूर्य' इथवर आले, आणि सूर्य मटकन लोणच्याच्या पिंपावर बसला.

"अहो, तिथे बसू नका," दुकानाच्या आतून ओकुनो लोणचेवाला म्हणाला. "त्यात काकड्या आहेत."

मास्तरांना उठायचं होतं. दुसऱ्याच्या काकड्यांवर बसणारा माणूस नव्हता तो. पण उठायचा हुकूम डोक्यातून निघाला आणि गुडघ्यापर्यंत पोचायच्या आतच वाटेत कुठेतरी बसकण मारून बसला. घाम फुटला, पण गार. हातातली शेवंतीची जुडी आपोआप थरथरायला लागली, जणू फुलांनाच थंडी वाजते आहे. बाजाराच्या छपराखालचे दिवे एकेक करून लांब गेले. फुलांचा पिवळा रंग फुलांत मावेना, कडेने सांडायला लागला. याला भूक म्हणता आलं नसतं, भूक हा फार सभ्य शब्द झाला. हे भुकेच्याही आधीचं काहीतरी होतं, डबक्यातल्या एकपेशी जिवाला ठाऊक असेल असलं. आणि गंमत म्हणजे हे काय चाललं आहे ते मास्तरांना स्वच्छ कळत होतं. मेंदू हा अवयव मोठा मिजाशी. बाकीची मंडळी चरबीवर भागवून नेतात, याला साखर लागते. आणि ऐट अशी की घरात कोठार म्हणून नाही, आणायचं ते रोजचं रोज. यकृताकडे थोडी शिदोरी असते, ती पहाटेपर्यंत पुरते. सकाळी घेतलेल्या औषधाने स्वादुपिंडाला गदागदा हलवून कामाला लावलं होतं, आणि रक्तातली होती नव्हती ती साखर त्याने आवरून ठेवली होती. नवीन येणार कुठून? मास्तरांनी तर भात सोडला होता. पोहण्याचं पुस्तक तोंडपाठ असलेल्या माणसाला बुडता बुडता धडा कितवा तेही आठवावं, तशी त्यांची अवस्था झाली.

"आजोबा! ओ आजोबा! असं काय करताय?"

समोर एक वाघ होता. नीट पाहिल्यावर तो एका बाईच्या झंपरावर होता. बाई मास्तरांच्याच वयाच्या, फार तर दोनचार वर्षांनी लहान, त्यामुळे 'आजोबा' हा शब्द त्यांना त्या अवस्थेतही बोचला.

"खोकला आहे का?" बाईने विचारलं.

मास्तरांनी मान हलवली.

"मग घसा? पोट? बायको भांडली?"

"बायको... वारली," मास्तर म्हणाले. जीभ तोंडात दुसऱ्या कुणाची असल्यासारखी वळत होती.

"अगं बाई. तर मग आ करा."

वर्गातल्या पोरांना ज्या आवाजात मास्तर 'पुस्तकं मिटा' म्हणत, तोच आवाज. मास्तरांनी आ केला. आल्याचा तिखट आणि मागून गोड असा काहीतरी कडक खडा जिभेवर पडला. तो चघळायचा नाही, दाढेखाली फोडायचा, हे शास्त्र त्यांना माहीत होतं. साखर जितकी लवकर उतरेल तितकी बरी. त्यांनी तो कडाकडा फोडला. बाईने दुसरा दिला. "हा तरी चघळा हो. दगड फोडायला बसलाय का? खोकल्याला चालतो, गाडी लागली तर चालतो, सुनेशी बोलायचं नसेल तर फार चालतो." मग ती आत वळून ओरडली, "अहो ओकुनो, यांना पाणी द्या की!"

"देतो. पण मला काकड्या काढायच्या आहेत," ओकुनो म्हणाला.

ओसाकातल्या बायका त्या गोळीला नुसतं गोळी म्हणत नाहीत. धाकट्या भाचीला हाक मारावी तसं लाडाने 'आमे-चान' म्हणतात आणि पिशवीत बाळगतात. आणि ओळख असो नसो, समोर आला त्याच्या हातावर ठेवतात. मास्तरांच्या बायकोकडे, सात्सुएकडे, त्यासाठी शिवलेली कापडी थैली होती, निळी, तोंडाला नाडी. ट्रामच्या चालकाला गोळी, मीटर बघायला आलेल्याला गोळी, रस्ता विचारणाऱ्याला आधी गोळी मग रस्ता. "अगं, लोक काय म्हणतील?" असं मास्तर म्हणत. "थँक्यू म्हणतात," असं सात्सुए म्हणे. मास्तर दातांच्या किडीवर एक छोटं व्याख्यान देत. ती ते मन लावून ऐके आणि संपल्यावर व्याख्यात्याला एक गोळी देई. ती मास्तरांनी इतक्या वर्षांत एकदाही खाल्ली नव्हती. कोटाच्या खिशात टाकत. आणि कोट धोब्याकडे जाण्याआधी सात्सुए खिसे तपासून ती परत थैलीत भरी, त्यामुळे मास्तरांच्या मते त्यांच्या संसारात बहुधा एकच गोळी जन्मभर फिरत राहिली होती. सात्सुए पहिल्यांदा भेटली ती शाळेच्या स्वयंपाकघरात. तेव्हा मुलांच्या जेवणात पावाच्या जोडीला भात नुकता यायला लागला होता आणि मास्तरांना प्रयोगासाठी मूठभर हवा होता. "खायला की नासायला?" टोपातून वर न बघता तिने विचारलं. मास्तरांनी समजावलं: अर्ध्या भातावर आयोडीन टाकायचं, तो काळानिळा होतो, उरलेला मुलांनी तोंडात धरून चावत राहायचं, गिळायचं नाही, हळूहळू गोड लागतो, कारण लाळ पिठाची साखर करते. "म्हणजे अर्धा नासायलाच," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि गोड लागतो हे सांगायला शाळा कशाला लागते? घाई नसली की लागतोच." मास्तर त्या दिवशी वाडगा घेऊन वर्गात गेले, पण प्रयोगाच्या वेळी शेवटच्या बाकावरच्या पोराबरोबर तेही कितीतरी वेळ चावत उभे राहिले. घास पातळ झाला, चव निघून गेली आणि मग जिभेच्या टोकाशी एकदम उजाडल्यासारखं झालं. पुस्तकात हे सगळं होतं. उजाडल्याचं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

"कुणाला फोन करू?" वाघवाली बाई विचारत होती. तिने पिंपाशेजारच्या कोबीच्या खोक्यावर बैठक मारली होती. "घरी कोण आहे?"

"कुणाला नको. बरं वाटतंय."

"आरशात बघितलंत का? मुळ्यासारखा रंग झालाय. मुलगा? मुलगी?"

"मुलगी. योकोहामाला. तिला नको. आज तर मुळीच नको."

आज तर मुळीच नको, कारण आज दुपारी चिगुसा येणार होती. गेल्या हिवाळ्यात मास्तर न्हाणीघरात पडले होते, किंवा त्यांच्या शब्दांत 'अचानक बसले' होते, तेव्हा तिने बजावून ठेवलं होतं: बाबा, आता आणखी एकदा काही झालं तर घर बंद करायचं आणि तुम्ही माझ्याकडे. वाद नको. आणि आई? आईचा देव्हारा? लहान देव्हारे मिळतात बाबा, पुस्तकाच्या कपाटावर मावतात. चिगुसा वाईट नव्हती. ती फक्त मोजून बोलणारी होती, आणि ते ती बापाकडूनच शिकली होती. पण सात्सुएने पुस्तकाच्या कपाटावर बसावं? जी जन्मात एक पुस्तक पुरं वाचू शकली नाही, कारण वाचता वाचता ती उठून कुणाला तरी काहीतरी खायला द्यायची? सहा चटया मावतील एवढ्या खोलीत, पितरांच्या देव्हाऱ्यात, दक्षिणेच्या उन्हात ती होती तशी बरी होती. सकाळी कुकरचं झाकण उघडलं की पहिला भात तिचा. पितळेच्या त्या इवल्याशा वाटीत उंच टेकडी करून, वाफ आहे तोवर. घंटी वाजवायची, हात जोडायचे, वाफ निवली की वाटी उतरवायची. उतरवलेला भात घरातल्या माणसाने खायचा, टाकायचा नाही. टाकणं म्हणजे तिच्या तोंडावर टाकणं. हे वर्षानुवर्षं सासूच्या नावाने सात्सुएने केलं आणि नंतर सात्सुएच्या नावाने मास्तरांनी. मग उन्हाळ्यात डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहून साखर निघाल्याचं सांगितलं. औषध लिहून दिलं आणि म्हणाले, "भात कमी करा. सकाळी अर्धी वाटी." अर्धी! मास्तरांना अर्धवटपणा जन्मात आवडला नव्हता. शत्रू ओळखला की निकाल लावायचा. त्यांनी भात सोडला. सकाळी तोफू, दुपारी मासळी, रात्री पालेभाजी. आणि ज्या पदार्थाची थोरवी पोरांना सांगण्यात जन्म घालवला त्याच्याकडे ते जुन्या मित्राने फसवल्यासारखे बघू लागले.

पण सात्सुएचा भात कसा बंद करणार? तिला डॉक्टरांनी मना केलेलं नव्हतं.

तेव्हा रोज सकाळी मास्तर एका मेलेल्या बाईपुरता भात लावत. वाटी चढवत, घंटी वाजवत, वाफ निवली की उतरवत आणि मग ती वाटी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभे राहत. खायचं नाही, हा विज्ञानाचा हुकूम. टाकायचं नाही, हा तिचा. शेवटी त्यांनी एक तोड काढली. भाताचा गोळा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा, तात्पुरता. तो तात्पुरता महिना महिना चालला. आता तो कप्पा उघडला की पांढरे पांढरे गोळे एकावर एक, देवळाच्या पायरीशी रचून ठेवलेल्या गोट्यांसारखे. मास्तरांना त्यात कबूल करायला न आवडणारं काहीतरी सुखही होतं. तिचं जेवण जमा होतं आहे, ती कधी आलीच तर. असला विचार सहावीच्या पोराने बोलून दाखवला असता तर मास्तरांनी त्याला उभं केलं असतं.

आल्याचा तिखटपणा मागे पडून आता निव्वळ गोडी उरली होती. मास्तरांना जाणवलं की दिवे परत जवळ आले आहेत. पलीकडच्या दुकानात कुणीतरी पर्सिमनची फळं रचत होतं आणि त्यांचा केशरी रंग पुन्हा फळांच्या आत गेला होता. हात अजून कापत होते, पण ते आपलेच वाटायला लागले होते. इस्पितळात शेवटी शेवटी सात्सुएला खाता येत नव्हतं. वर बाटली टांगलेली, नळीतून थेंब थेंब. "हे काय देतात हो?" तिने विचारलं. ग्लुकोज, मास्तर म्हणाले, आणि सवयीने पुढे बोलत राहिले: म्हणजे बघ, एरवी भाताचं पोटात जे शेवटी होतं ते इथे आधीच करून देतात, चावायला नको, लाळ नको, सरळ रक्तात. सात्सुए बराच वेळ बाटलीकडे बघत राहिली. "बेचव आहे," ती म्हणाली. "चव कशी कळली? ते हातातून जातंय." "तेच म्हणतेय." मग तिने उशीखालची निळी थैली चाचपली, नर्सला एक गोळी दिली, मास्तरांना एक दिली. मास्तरांनी ती कोटाच्या खिशात टाकली. या वेळी खिसे तपासायला कुणी नव्हतं. थैली त्यांनी तिच्याबरोबर शवपेटीत ठेवली, भरलेली. आता स्मशानांचं धुराडंही दिसत नाही. बाहेरच्या खोलीत चहा घेत बसायचं. सगळे नातेवाईक आपापले गुडघे बघत बसले होते आणि मास्तरांच्या डोक्यात आलं की आत आता साखर जळत असणार. वायू आणि पाणी, बाकी काही नाही. तेच, अगदी तेच, जे तिच्या अंगात जन्मभर झालं: धावताना, टोप घासताना, हसताना. फरक एवढाच की तिथे ते मंद आचेवर झालं आणि त्यातून ती झाली, आणि इथे एका भपक्यात झालं आणि काहीच झालं नाही. नंतर रिवाजाप्रमाणे राखेतली हाडं काड्यांनी उचलताना ते थैलीचा मागमूस शोधत राहिले. चिगुसाने हळूच विचारलं, "बाबा, काय शोधताय?" ते म्हणाले, "काही नाही."

खिशात फोन वाजला. मास्तरांनी हात घातला, पण बोटांना मिटलेला फोन उघडेना. वाघवाल्या बाईने तो घेतला, उघडला आणि कानाला लावला.

"हॅलो! नाही, मी कुणी नाही. आजोबा इथेच आहेत. पडले नाहीत हो, पिंपावर बसलेत. कसलं? लोणच्याचं. हो, झाकण आहे. चेहरा आता बरा आहे, मघाशी मुळ्यासारखा होता." बाईने फोन पुढे केला. "घ्या. रडतेय की चिडलीय कळत नाही. गोळी द्यायला हवी तिलाही."

झालं. मास्तरांनी फोन कानाला लावला. घर गेलं, दक्षिणेचं ऊन गेलं, सहा चटया गेल्या. कपाटावरच्या पुस्तकांच्या शेजारी त्यांना सात्सुए दिसायला लागली, अवघडून बसलेली.

"मी लवकर आले," चिगुसा म्हणाली. "घरी आहे. आइस्क्रीम आणलं होतं, ठेवायला कप्पा उघडला. बाबा, हे काय आहे?"

"भात."

"कुणाचा?"

"तुझ्या आईचा."

मास्तरांना खोटं बोलायचं होतं. तयारी होती: चप्पल सरकली, ऊन लागलं, पिंप बुटकं होतं. पण तोंडात गोळी होती आणि गोळी तोंडात असताना माणूस फार खोटं बोलू शकत नाही, निदान व्याख्यानाच्या सुरात तरी नाही.

"मला चक्कर आली," ते म्हणाले. "बसलो नाही. म्हणजे बसलो, पण मी बसलो नाही, पायांनी बसवलं. सकाळी औषध घेतलं आणि भात खाल्ला नाही. कित्येक दिवस खाल्लाच नाही. दोष औषधाचा नाही. तू म्हणालीस ते माझ्या लक्षात आहे."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"कमी करा."

"किती?"

"अर्धी वाटी. सकाळी."

"बाबा," चिगुसा म्हणाली, आणि तिच्या आवाजात कुठेतरी टोपातून वर न बघता बोलणारी बाई होती, "आईच्या वाटीत भात किती मावतो?"

मास्तरांनी डोळे मिटले. पितळेची ती इवलीशी वाटी. वर टेकडी. कधी मापली नव्हती, पण मापायची गरजही नव्हती. गेले कित्येक महिने त्यांच्या वाटणीची ती अर्धी वाटी रोज सकाळी सात्सुएने त्यांच्यासमोर उतरवून ठेवली होती आणि त्यांनी ती रोज गोठवली होती, अगदी खिशातल्या गोळीसारखी. डोळ्यांत पाणी आलं. त्याचं रासायनिक कारण त्यांना माहीत नव्हतं, आणि प्रथमच ते माहीत नसलं तरी चाललं.

"घर बंद करतेस?" त्यांनी विचारलं.

चिगुसाच्या मागे कप्प्याचं दार उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा आला, पुन्हा उघडल्याचा आला.

"आज राहते मी," ती म्हणाली. "उद्या आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. ते औषध घेऊन एकट्याने राहता येईल का, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय मला. हो म्हणाले तर राहा. पण रोज सकाळी घंटी वाजवली की मला फोन करायचा. आणि फोन ठेवायचा नाही. वाटी उतरवायची आणि खायची. मला चावताना ऐकू आलं पाहिजे."

"चावताना बोलू नये."

"बोलू नका. मी ऐकीन."

वाघवाली बाई तोंडावर हात ठेवून छपराकडे बघत होती. ओकुनो पाण्याचा पेला हातात धरून कधीपासून उभा होता, द्यायचं विसरून. मास्तरांना वाटलं, आता काहीतरी म्हणायला हवं. ऊन, लोंबी, दाणा, ती आणि आपण, आणि हे कसं एकाच्या हातून दुसऱ्याच्या तोंडात जात राहतं आणि म्हणून विझत नाही, हे आज कळल्यासारखं झालं होतं. वाक्य मोठं होणार होतं. त्यांनी गोळी एका गालात सारली आणि श्वास घेतला.

"चिगुसा," ते म्हणाले, "जिवंत असणं म्हणजे..."

"बाबा, यातले दोन गोळे मी गरम करायला ठेवलेत," चिगुसा म्हणाली. "एक तुमचा, एक माझा. घरात भाताबरोबर खायला काहीच नाहीये. येताना लोणचं आणता का? काकडीचं?"

मास्तरांनी ओकुनोकडे पाहिलं. "काकडीचं," ते म्हणाले. "थोडंसं."

"देतो की," ओकुनो म्हणाला. "जरा उठता का?"